विधवेच्या दोरीवरचा सदरा

"विधवेच्या घरात पुरुषाचा सदरा कसा?" ख्वाननं दोरीवरचा पांढरा सदरा खसकन ओढला. "आणि धुतलेलाच पुन्हा पुन्हा धुतेस?"

लायमावशी नदीच्या पायरीवर बसून हिरवा चहा पीत होती. "नवरा गेला, सदरा राहिला. त्यालाही कर अटक."

ख्वान हसला नाही. एकोणीस वर्षांचं पोर, पण पोलिसाची टोपी चढली की डोक्यात संशयाखेरीज काही शिल्लक राहत नाही. दहा वर्षांपूर्वी देशाचे दोन तुकडे केले आणि बेन हाय नदीची सीमा करून टाकली. नदी केवढीशी! इकडून हाक मारली तर पलीकडची कोंबडी मान वर करते. पिढ्यानपिढ्या दोन्ही काठांच्या सोयरिकी झाल्या. आता पलीकडे नुसता हात हलवला तरी तुरुंग. दोन्हीकडच्या सरकारांचे कर्णे दिवसभर एकमेकांना शिव्या घालतात, तेवढं मात्र चालतं.

दोन महिने ख्वान सगळं टिपत होता, पाळी असली की पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून, नसली की चौकीच्या खिडकीतून. कधी दोरीवर पांढरा सदरा, कधी काळी विजार. पांढरा लागला की पलीकडे एक म्हातारी येऊन बसायची, मनोऱ्याकडे टक लावून. काळी दिसली की आल्या पावली परत. लाओसकडचा वारा अंग भाजून काढत होता, तरी म्हातारीचा खाडा नाही. हेर नाही तर काय?

आज त्यानं बेड्याच आणल्या होत्या. "खूण आहे ना ही? खरं सांग, नाहीतर जिल्ह्याच्या तुरुंगात नेतो. तिथून बायका परत येत नाहीत, ठाऊक आहे ना?"

मावशीचा चहा पायावर सांडला.

"खूण आहे," ती म्हणाली.

"पांढऱ्याचा अर्थ काय?"

"तू पहाऱ्यावर आहेस."

ख्वान एक पाऊल मागे सरला. म्हणजे कुणीतरी त्याच्यावरच टपून होतं! "कुणाला हवाय मी?"

"तुझ्या आईला."

"काहीही बरळू नकोस. माझी आई आम्ही इकडे आल्यावर तिकडेच तापानं गेली. बाबांनी सांगितलंय."

"सांगणारच तो! तुझी आजी अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून यायला तुझी आई तयार होईना. मग सीमा बंद व्हायच्या आत तुला घेऊन हा इकडे आला आणि दुसरी केली. आम्ही दोघी एका बाजारात मासळी विकायचो रे. तू चौकीवर माझे कागद तपासलेस ना, तेव्हा कपाळावरचा लहानपणीचा भाजल्याचा डाग दिसला आणि ओळखलं. एका दुपारी कर्णे बंद पडले होते, तेव्हा ओरडून सांगितलं तिला."

ख्वाननं पलीकडे पाहिलं. म्हातारी उठली होती. पायऱ्या उतरून ती सरळ पाण्यात शिरली. गुडघाभर, मग कमरेभर. तिकडचे शिपाई तिच्यावर ओरडत होते. ती थांबेना.

"मावशी..." तो म्हणाला. "ती पाण्यात का उतरतेय?"

"मनोऱ्यावर तू तिला बोटाएवढा दिसायचास, पोरा. आज पहिल्यांदा काठावर आलास ना."