तीन मिनिटांचा सल्ला

"मामा, शरणार्थ! बसवंत बोलतोय, लातूरहून!" बसवंत रिसीव्हरमध्ये ओरडला. ओरडल्याशिवाय हैदराबादला ऐकू जात नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

"शरणार्थ, जावईबापू! खैरियत?"

"हाव मामा. मामींचे गुडघे कसे हायत?"

काउंटरमागे हेडफोन लावून बसलेल्या साखराबाईंनी कपाळाला हात लावला. सलग तिसऱ्या दिवशी हा माणूस तारऑफिसात येऊन हाच ट्रंककॉल लावत होता. मामींचे गुडघे, मामांचा दमा, उदगीरची गुरं, न पडलेला पाऊस, सगळ्यांची विचारपूस व्हायची आणि "मामा, एक सल्ला पाहिजे होता," म्हणेपर्यंत तीन मिनिटं संपायची.

बसवंतला तरी कुठे हौस होती? नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यात हा दुष्काळ. कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत तो कारकून. टँकर, छावण्या, खडी फोडणाऱ्यांचे हजेरीपट. रविवारसुद्धा त्यातच जायचा. बायको शिवगंगा उदगीरला सासू-सासऱ्यांपाशी, हा इथे एका खोलीत. तीन महिन्यांत गाठ नव्हती. घर बांधायला सरकार कर्ज देत होतं, पण प्लॉट गहाण ठेवून. अर्जाची मुदत उद्या संपत होती. आणि बँकेतून रिटायर झालेले शिवगंगाचे रेवणसिद्ध मामा सोडले, तर गहाणाचं कळणारं नात्यात दुसरं कुणी नव्हतं. हैदराबादला जाऊन समोर बसून विचारायला सवड कुठली?

अडचण इतकीच, की लातूरचा तो प्लॉट मामांनीच भाचीला लग्नात आंदण दिला होता. ज्यांनी दिला त्यांनाच 'गहाण ठेवू का' म्हणून विचारायचं! त्या शब्दापाशी आलं, की बसवंतची जीभ आपोआप मामींच्या गुडघ्यांकडे वळायची. कॉल लागेपर्यंत दोन-दोन तास बाकावर बसून त्याने साखराबाईंना मात्र सगळी हकीकत सांगून टाकली होती. त्यांना सांगताना त्याला काहीच अवघड गेलं नव्हतं.

"गुरं छावणीत हायत, मामा. गाय जरा वाळलीय..."

"हॅलो, हैदराबाद!" साखराबाईंना राहवेना. "माफ करा, मध्ये बोलून राहिले. गाय बरी हाय, पाऊस न्हाई, घरचे समदे ठणठणीत हायत. तुमच्या जावयाला तो प्लॉट सरकारकडं गहाण टाकून घर बांधायचंय. टाकावा का न्हाई, तेवढं सांगा. एक मिनिट राहिलंय."

बसवंतने डोळेच मिटून घेतले. पलीकडून आधी खोकला आला आणि मग मोठ्ठं हसू.

"एवढंच? मी म्हणलं, हे रोज गुडघेच का विचारून राहिलेत! अहो, घरासाठीच दिला होता मी तो. पगारातून हप्ते कटतील, घर तुमचं ऱ्हाईल. बेफिकीर अर्ज करा. पण बसवंतराव, प्लॉट कुणाच्या नावावर हाय?"

"शिवगंगाच्या."

"मग गहाणखतावर सही कुणाची लागंल?"

"तिची."

"तिला विचारलं का?"

लाइन कटली. बसवंतने रिसीव्हर खाली ठेवला. मामा हो म्हणाले की तिला कळवू, असंच त्याने धरलं होतं. तिचा होकार त्याने परस्पर गृहीत धरून टाकला होता. तिच्या नावावर या जगात तेवढी एकच वस्तू होती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

"उदगीरला कुणाकडं फोन हाय?" साखराबाईंनी विचारलं.

"घरासमोर. आडत दुकानात."

अर्ध्या तासाने उदगीर लागलं. दुकानदाराने घराच्या दिशेने मारलेली हाक लातूरपर्यंत ऐकू आली. मग धापा टाकत शिवगंगा आली.

"अहो, बरे हायत ना तुम्ही?"

"शिवगंगा, तुझा प्लॉट गहाण ठेवू का?" या खेपेला बसवंतने कुणाचीच खुशाली विचारली नाही. "दोन खोल्या बांधीन म्हणतो. उद्या अर्ज द्यायचाय. पण तू न्हाई म्हणलीस, तर फाडून टाकतो."

पलीकडे नुसताच श्वास ऐकू येत होता. नाही म्हणणार, बसवंतला वाटलं. आणि म्हणाली तर चुकलं कुठे तिचं?

"हॅलो? शिवगंगा?"

"हाय की." तिचा आवाज इतका हळू झाला होता, की त्याला रिसीव्हर कानाला गच्च दाबावा लागला. दुकानात माणसं असणार. "स्वैपाकघराची खिडकी तेवढी रस्त्याच्या अंगाला ठेवा. तुम्ही येताना दिसाल."