ओहितोची खरेदी

"वॉरन, तुझा चष्मा लावून मी आरशात पाहिलं," ज्युडिथबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

संचालकांपैकी कुणीतरी हसलं. वॉरन हॉलबेक हसला नाही. कंपनी त्याने उभी केली होती, तोच ती चालवत होता, आणि हा चष्मा त्याचं सगळ्यात लाडकं काम होतं. चष्मा समोरची पाटी वाचून दाखवायचा, परक्या भाषेतलं बोलणं कानात उलगडून सांगायचा. उत्तम चालायचा. फक्त तो कुणी घालत नव्हतं. वॉरनची बायको मेरिडिथसुद्धा गाडीत घालायची आणि उतरताना काढून ठेवायची.

"मग करायचं काय?" त्याने विचारलं.

"ओहितो विकत घेऊ," ज्युडिथबाई म्हणाल्या. त्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि फार बोलत नसत. "लॉस एंजेलिसची ती चष्म्यांची कंपनी. माझ्या नातीकडे त्यांच्या ढीगभर फ्रेमा आहेत, आणि तिची नजर ठणठणीत आहे."

"त्यांच्याकडे एकही इंजिनियर नाही!"

"नसू दे. जाऊन तर ये."

वॉरन कुरकुरत गेला. समुद्राजवळच्या त्या दुकानाबाहेर रांग होती. आत मालकीण, इनेस कोर्डेरो, स्वतः एका दांडग्या गृहस्थाशी झटत होती. त्याला मुलीने ओढून आणलं होतं.

"मला म्हातारा करू नका बाई," तो म्हणत होता.

इनेसने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, एक हिरवी फ्रेम त्याच्या नाकावर बसवली आणि आरसा न देता मुलीला हाक मारली, "बघ गं इकडे."

मुलीने पाहिलं. "अय्या, बाबा!" एवढंच म्हणाली. मग त्या माणसाने आपणहून आरसा मागितला. जाताना टोपी घालायला विसरला.

"आरसा आधीच का नाही दिलात?" वॉरनने विचारलं.

"आपण स्वतःला बघायला कुठे चष्मा घेतो? बघणारे दुसरेच असतात."

त्या दिवसापासून वॉरनला ओहितोचं वेड लागलं. दर आठवड्याला तो विमानाने लॉस एंजेलिसला जाऊ लागला. फुटपाथवर उभं राहून इनेसबरोबर टाको खाऊ लागला. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं. एकदा त्याने तिला आपल्या इंजिनियरांपुढे आणून बसवलं.

"एवढा जड का हा चष्मा?" तिने विचारलं.

"बॅटरी आहे."

"कानाला बॅटरी कळत नाही रे बाळा, वजन कळतं."

पोरं हसली आणि कामाला लागली. पुढच्या भेटीपर्यंत वजन पुष्कळ उतरलं होतं. नवा नमुना त्यांनी वॉरनच्या आधी तिला दाखवला. वॉरनला त्याचा आनंदच झाला.

संचालकांच्या पुढच्या बैठकीत एकाने विचारलं, "एवढे पैसे कशासाठी मोजायचे? चार दुकानांसाठी?"

"दुकानांसाठी नाही, तिच्यासाठी!" वॉरन ताडकन उभा राहिला. "वस्तू कशी चालवायची ते आपल्याला कळतं. माणसाला ती हवीशी का वाटते, ते इथे कुणाला कळत नाही. मलाही नाही. ते कळणारं माणूस आलं नाही तर ही कंपनी टिकायची नाही."

ज्युडिथबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तू मनापासून म्हणतोयस?"

"अगदी मनापासून."

सह्यांच्या दिवशी इनेस मात्र घुटमळली. वकिलांना बाहेर थांबवून तिने वॉरनला एकट्याला आत बोलावलं.

"ज्युडिथबाई मला भेटून गेल्या. तुला सगळं ठाऊक आहे ना?"

"अगं, सुरुवातच माझ्यापासून झाली."

"मी तिथे काय म्हणून येतेय, तेही?"

"तुझ्यासाठी मी त्या सगळ्यांशी भांडलोय, इनेस."

"आणि तुला चालणार आहे?"

"मला चालायचा प्रश्न कुठे येतो? मलाच तर तू हवी आहेस तिथे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मोठ्या मनाचा आहेस रे," ती म्हणाली. "मला नसतं जमलं." मग तिने सही केली.

घोषणेच्या सकाळी सभागृह भरलं होतं. उभं राहायलाही जागा नव्हती. वॉरनने मेरिडिथला पहिल्या रांगेत बसवलं आणि तो पडद्याआड जाऊन उभा राहिला. भाषण त्याने पाठ केलं होतं. त्यात इनेसची ओळख होती, तिच्या हाताखाली येणाऱ्या नव्या विभागाची माहिती होती, एक बरा विनोदही होता.

ज्युडिथबाई माइकपाशी गेल्या. ओहितो आता आपली झाली, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. त्यांनी वॉरनचं नाव घेतलं, तसा त्याने कोट सारखा केला आणि पाऊल पुढे टाकलं.

"आजपासून आपल्या कंपनीची सूत्रं इनेस कोर्डेरो यांच्या हाती," त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्यासाठी आपली खुर्ची स्वतःहून रिकामी करणाऱ्या वॉरनला निरोप द्यायला सगळ्यांनी उभं राहू या."