माझा लाडका ब्लॉग

तेच ते फॉरवर्ड वाचून डोकं उठलं, तसा मी लोकांचे ब्लॉग शोधून वाचायला लागलो. कुणी हरवलेल्या मोज्यांवर लिहितं, कुणी गच्चीतल्या कबुतरांवर, पण लिहितात अगदी मनापासून. त्यातला माझा सगळ्यात लाडका ब्लॉग रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सबाईंचा. सकाळी घरी येऊन त्यांचा डोळा लागतो न लागतो, तोच वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्च्या ओढतो आणि धपाधप उड्या मारतो.

हसत हसत बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा माणूस ओळखीचा वाटतोय हो."

"असले नमुने प्रत्येक इमारतीत असतात," मी म्हणालो आणि ब्लॉगखाली कमेंट टाकली, "ताई, असल्यांना समजावून काही उपयोग नाही. काठी घ्या आणि छताला असा दणका द्या, की त्याच्या तळपायांना झिणझिण्या आल्या पाहिजेत!"

लगेच उत्तर आलं, "उद्याच देते, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खुर्ची बाजूला ओढली, दोरी हातात घेतली आणि पहिली उडी मारली.



खालून असा दणका आला, की माझ्या तळपायांना झिणझिण्या आल्या.