रबराच्या मळ्यातलं पाळणाघर

लातूरच्या घरातली कुकरची शिट्टी मला फोनवर ऐकू आली. मी केरळातल्या रबराच्या मळ्यातून व्हिडिओ कॉल लावला होता आणि पाच वर्षांची माझी दामिनी पाठ फिरवून बसली होती.

"लई रुसली हाय, मंजू," सासूबाई म्हणाल्या. "आता तूच काढ बाई तिचा रुसवा."

मग मी दामिनीला माझं काम सांगितलं. इथल्या बाया पहाटे अंधारातच झाडांचा चीक काढायला जातात, लेकरं मागं खोलीत एकटीच रडायची. रबर विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या मागं लागून मळ्यातल्या बायांसाठी काम करणाऱ्या आमच्या प्रकल्पानं मळ्यातच पाळणाघर सुरू करायला लावलं.

"आता आई मधूनच येते, लेकराला भरवते, पापा घेते, परत कामाला जाते."

दामिनी हळूच वळली. "तू पण जातीस तिथं?"

"रोज जाते गं, राणी. त्या लेकरांना बघायला."

 

"मग मला त्यातल्या एका आईला देऊन टाक ना. रोज दिसशील मग, न्हाई का?"