अण्णांनी मिटलेलं पान

सन एकोणीसशे सदुसष्ट. माटुंग्याला वेंकटच्या तमिळ घरी वत्सलाच्या वडिलांनी, अण्णांनी, जेवणानंतर केळीचं पान मिटलं आणि सगळी पंगत त्या पानाकडे बघू लागली. समोर वेंकटच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी होकार दिला तरच वत्सला आणि वेंकटचं लग्न ठरणार होतं. आत्तापर्यंत त्या वत्सलाकडे बघून दोनदा हसल्याही होत्या. आता त्यांनी तोंड फिरवलं.

"काय चुकलं?" वत्सलाने हळूच विचारलं.

"तृप्त झालो की आम्ही पान स्वतःच्या बाजूला मिटतो," वेंकट कुजबुजला. "समोरच्या बाजूला मिटतात ते दिवसकार्याला. असं जेवण या घरी पुन्हा नको म्हणून."

अण्णांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? सगळे मिटतात म्हणून त्यांनीही मिटलं, आणि नव्या धोतरावर रसम नको म्हणून पलीकडे. वत्सलाने धावत जाऊन त्यांच्या कानात सांगितलं. अण्णांनी क्षणभर विचार केला आणि पान पुन्हा उलगडलं.

"आजी, माझं जेवण कुठे झालंय अजून? वाढा की भात."

वेंकटने ते तमिळमध्ये सांगितलं. आजी उठल्या, त्यांनी स्वतः तीनदा वाढलं. अण्णा घाम पुसत सगळं जेवले आणि त्यांनी पान स्वतःच्या बाजूला मिटलं. रसम धोतरावर ओघळलं. आजी खळखळून हसल्या.

त्या पुढे बारा वर्षं जगल्या. अण्णा आले की स्वतःच वाढायच्या. अण्णांनी ते डागाचं धोतर कधी टाकलं नाही. वेंकट गेला, त्याला आता चार वर्षं झाली. परवा वत्सला नातीच्या सासरी, नागालँडला गेली. पानावर बसण्याआधीच तिने विचारलं, "तुमच्याकडे पोट भरलं हे कसं सांगतात?"