चढावरचा माग

"शिवशरणराव, आज चढावर एकदाबी पाय टेकला न्हाय, तरच माझी सायकल हैदराबादला न्या," मुनवर मिस्त्री म्हणाला. "न्हायतर मोटारीनं जावा, झोपा काढत."

महायुद्धामुळं टायर मिळत नव्हते. म्हणून मुनवरनं तिच्या मागच्या टायरला चामड्याचं त्रिकोणी ठिगळ शिवलं होतं. तसलं दुसरं पंचक्रोशीत नव्हतं.

रात्रीच्या वाऱ्यानं नळदुर्गच्या चढावरची धूळ सपाट झाली होती. तरी सकाळी पायथ्याशीच शिवशरणला तीत सायकलचा माग दिसला. दर सव्वासात फुटांवर, चाकाच्या एकेका फेऱ्याला, तोच त्रिकोण उमटला होता. त्यानं दोनदा मोजून पाहिलं.

सतरा दिवस तो अर्ध्यातल्या चिंचेपाशी दमून उतरत आला होता. माग मात्र चिंचेच्या पुढं गेला होता, आणि शेजारी पावलं नव्हती.

म्हणजे हे जमतं, असं त्याच्या मनात आलं. मागापासून हातभर अंतर ठेवून तो पायडल मारत राहिला. मांड्या पेटल्या, पण पाय टेकला नाही.

माथ्यावर गार वारा लागला. समोर हैदराबादचा रस्ता मोकळा पडला होता. हसतच त्यानं वळून पाहिलं.

पायथ्यापासून त्याच्या चाकापर्यंत एकच माग आला होता.