पाखराची मान

क्रेन केव्हाची येऊन उभी होती आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, तरी शिळा जागची हलत नव्हती. थोरल्यानं दोष काढल्याशिवाय ती हलणारच नव्हती.

पाथरवटांची रीतच तशी. देवळाच्या दारावरची शिळा कोरून झाली, की तिला हात न लावलेल्या दुसऱ्या पाथरवटानं ती तपासायची, एक तरी दोष दाखवायचा आणि कोरणाऱ्यानं तो निमूटपणे दुरुस्त करायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ माणसाला बरोबर दिसतं, तेव्हा त्या सवयीला निदान देवाच्या कामी तरी लावावं, एवढाच त्यातला शहाणपणा. आता कधीकाळी छिन्नी धरलेले असे दोघेच उरले होते आणि ते दोघे नेमके साडू निघाले.

थोरल्यानं छिन्नी कधीच खाली ठेवली होती. त्याच्याकडे मशीन होतं. हॉटेलांची कारंजी, बंगल्यांचे खांब, काय म्हणाल ते. सकाळी संगणकात चित्र घातलं की संध्याकाळी नक्षी तयार. गाडी होती, बोटांत अंगठ्या होत्या. धाकट्याकडे होती ती छिन्न्यांची पेटी, तीसुद्धा सासऱ्यांची. म्हाताऱ्यानं जाताना ती धाकट्या जावयाच्या हाती दिली, तेव्हापासून थोरल्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं.

“या दादा,” म्हणत धाकट्यानं शिळेवरचं ओलं फडकं काढलं. “चांगला कीस काढा. घरचा माणूस म्हणून भीड ठेवू नका.”

लाकडी ओंडक्यांवर शिळा आडवी ठेवलेली होती, कोरलेली बाजू समोर. थोरला वाकला. एक वेल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि मधोमध, पानांच्या आडोशाला एक पाखरू बसलं होतं. बस्स, एवढंच.

घरून येतानाच त्यानं चार-सहा दोष मनाशी योजून ठेवले होते. धाकटा कडा जाड ठेवणार, टोकाशी येता येता कंटाळणार, पानांच्या खालच्या बाजूला चलाखी करणार. त्यानं पानांखाली बोटं घातली. तिथंही शिरा होत्या. शेवटचं पान पहिल्याइतकंच निगुतीनं उतरलं होतं. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“उरका साहेब, क्रेन तासावर आहे,” देवस्थानचे अध्यक्ष मोबाइल खिशात टाकत म्हणाले. “तुमच्या मशीनला दिलं असतं, तर एव्हाना कळससुद्धा चढला असता, काय?”

एरवी हे ऐकून थोरला फुलला असता. आज ते सुईसारखं टोचलं. यातलं एक पानसुद्धा आपल्या मशीनला जमणार नाही, हे त्या वेलीसमोर उभं राहून त्याला स्वच्छ कळत होतं. आणि दोष नाही म्हणावं, तर चारचौघांत धाकट्याला डोक्यावर घेतल्यासारखं झालं असतं.

सगळ्या शिळेत त्या पाखराची मानच सर्वांत सुरेख होती. म्हणून त्यानं मानेवरच बोट ठेवलं.

“मान जड झालीय.”

दगडातून गेलेलं परत येत नाही. केसभर जास्त उडालं, तर पाखराचं कोंबडं होईल हे त्याला माहीत होतं. व्हावंच, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

धाकट्यानं वाद घातला नाही. तो बराच वेळ बघत राहिला. मग शिळेच्या पायथ्याशी, धुळीत, सरळ उताणा झोपला आणि खालून पाखराकडे पाहू लागला. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. धाकटा उठला, पेटीतली सगळ्यांत बारीक छिन्नी त्यानं काढली आणि पाखराच्या गळ्याखाली अगदी हलके दोन-चार टोले दिले. फुंकर घातली.

थोरला कोंबडं बघायला पुढे झाला. पाखरानं मान उचलली होती. कुणीतरी आत्ताच हाक मारावी आणि ते उडायच्या बेतात असावं, तसं ते बसलं होतं. इतका वेळ ते नुसतंच सुरेख होतं.

“दादा,” छिन्नी पुसत धाकटा म्हणाला, “मी आपला महिनोन्‌महिने समोर बसून कोरतोय. लोक बघणार खालून. वर चढल्यावर मान छातीत रुतल्यासारखी दिसली असती. मला नाही कळलं, तुम्ही एका नजरेत ओळखलंत.”

थोरल्यानं काहीही ओळखलं नव्हतं. त्याला फक्त वाटोळं करायचं होतं आणि तेसुद्धा त्याला धड जमलं नव्हतं. सासऱ्यांनी पेटी दिली त्या दिवशीही त्याचा असा जळफळाट झाला नव्हता.

“झालं ना? चढवा!” अध्यक्ष ओरडले.

“एक मिनिट.” धाकटा शिळेच्या वरच्या अंगावर छिन्नी टेकवून काहीतरी कोरायला लागला होता.

“आता हे काय आणखी?” थोरल्यानं विचारलं.

“तुमचं नाव. कोरणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं नसतं दादा, दोष काढणाऱ्याचं घालायचं. वर भिंत बसली की झाकलं जातं, पण असतं तिथं.”

‘नको’ म्हणायला थोरल्यानं तोंड उघडलं. एकेक अक्षर उमटत होतं, सासऱ्यांच्या छिन्नीनं, धाकट्याच्या हातानं. थोरला खाली वाकला. आपलं नाव त्यानं पुरं होईपर्यंत पाहिलं.

“जरा ठळक काढ,” तो म्हणाला.